बॉक्सखालची घोंगडी

आजच्या ह्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या साउंड आन मंडपवाल्यांच्या संघटनेचे आधारस्तंभ, सन्माननीय कल्लप्पा अण्णा. ज्यांच्या दुकानात मी बॉक्स उचलून उचलून मोठा झालो ते माझे मालक, आदरणीय प्रभुलिंग शेठ. व्यासपीठावरच्या ह्या रिकाम्या खुर्च्या, ज्यांच्यावर बसणारी माणसं अजून अक्कलकोट रोडला पंक्चर काढत हायत. समोर बसलेले सगळे साउंडवाले, मंडपवाले, लायटिंगवाले, आमची गिऱ्हाइकं, माता-भगिनी, आन मागं दारापाशी नुसते जेवणासाठी थांबलेले माझे मित्र. सगळ्यांना जोतिरामचा नमस्कार.

शेठ म्हणले, सत्कारमूर्ती येईस्तोवर जरा बोल, लोकं उठून जायला नगोत. शेठ, तुमी मोठ्या मनाचे हाय. पण माइक चुकीच्या हातात दिलाय.

कारण पयली एक कबुली द्यायची हाय. आज सकाळी मी एका माणसाशी धडधडीत खोटं बोललो. गळ्याला हात लावून बोललो. आन ते दुसऱ्या कुणाशी न्हाय, ज्याच्यासाठी हे हार आणून ठेवल्यात त्या अभिमन्यूशी बोललो. सकाळपास्नं ते माझ्या पोटात मावंना झालंय. म्हणून तुमाला सांगतो. बाहेरचा स्पीकरचा बॉक्स मी बंद केलाय. आमचा टेम्पो चालवणारा बसू गेटवर उभा हाय, गाडी दिसली की हात वर करणार. तंवर आपण घरातल्या घरात हाय.

आता निरोपाच्या भाषणात जाणाऱ्याचे गुण सांगायची पद्धत हाय. ते सांगायलाच पायजेत. अभिमन्यू वळसंगचा. घरची शेती. दुकानात माझ्या आधी थोडे दिवस लागला, म्हणून तो सीनिअर. आन त्याला कान हाय. तुमी म्हणाल, कान कुणाला नसतो? तसा न्हाय. आमच्याकडं घरात बॉक्स बसवायची एक रीत हाय. बॉक्स मी जिन्यानं वर न्यायचं. वायर मी जोडायची. खोकी मी गोळा करायची. मग गिऱ्हाईक घाम पुसत विचारतंय, झालं का? तर न्हाय झालं. मग अभिमन्यू गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसणार, डोळं मिटणार, आन घरातली समदी माणसं श्वास धरून उभी. बारकं पोरगंबी रडत न्हाय. मग तो हळूच म्हणतो, “डावा बॉक्स जरा भिंतीपासनं पुढं घ्या.” पुढं कोण घेतंय? मी घेतो. नंतर चहा येतो. त्याला कपबशीत, मला स्टीलच्या पेल्यात.

मी जळतो का? अण्णा, तुमी हसताय, पण व्हय, जळतो. लपवून काय करू? मी लई वेळा त्याचा कान पाडायला बघितलं. एका ठिकाणी मी मुद्दाम डाव्या बॉक्सची वायर उलटी लावली, लालच्या जागी काळी. तसं केलं की आवाज बंद होत न्हाय, नुसता पातळ होतो, ताकाला पाणी घातल्यागत. साध्या माणसाला कळत न्हाय. म्हणलं, आता बघू. तो बसला, डोळं मिटलं, आन डोळं न उघडता म्हणला, “जोत्या, डावी वायर उलटी हाय बघ. घाईत झाली असंल, नीट कर.” घाईत झाली असंल म्हणला. गिऱ्हाइकापुढं मला सांभाळून घेतलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती.

आता मुद्द्यावर येतो. जुळे सोलापुरातले रामहरी साहेब तुमाला ठाऊक हायत, बँकेतनं रिटायर झालेले, आज आपले प्रमुख पाहुणे. त्यांनी आमच्याकडनं उभे टॉवर बॉक्स घेतले. माणसाच्या छातीएवढे उंच. त्याच्या बुडाला चार कोपऱ्यांना चार पितळी टोकदार पाय असत्यात, त्याला स्पाइक म्हणत्यात. खिळ्यागत टोक असतंय. त्याचा हिशोब असा, की बॉक्समधला मोठा स्पीकर हालतो तसा आख्खा बॉक्सबी डुलायला बघतो. टोकावर पक्का रोवला की डुलत न्हाय, आवाज साफ येतो. कंपनीचं कागदपत्र असंच म्हणतं, आन खाली घट्ट जमीन असली तर खरंबी हाय.

पण साहेबांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, आन बिल्डरनं फरशी बसवताना खाली माल कमी घातलेला. बोटानं ठोकली की पोकळ वाजती. त्या फरशीवर ही पितळी टोकं. बॉक्सची सगळी थरथर सरळ फरशीत, फरशीतनं काचेच्या शोकेसमध्ये, शोकेसमधनं खालच्या मजल्यावरच्या राजाबाई काकूंच्या डोक्यात. तबला लावला की सगळं घर डमडम करायचं. बोल कुठला, घुमारा कुठला, काय कळायचं न्हाय. काकू हातात लाटणं घिऊन वर यायच्या. म्हणायच्या, साहेब, तुमचं गाणं आमच्या डब्यातल्या डाळीला ऐकू येतंय.

अभिमन्यू पुन्यांदा पुन्यांदा गेला. फरशीला भोक पडू नये म्हणून टोकाखाली नाणी ठेवली. बॉक्स मागं घेतले, पुढं घेतले, लेव्हलची बाटली ठेवून सरळ केले. जरासुद्धा फरक न्हाय. शेवटी तो शेठला म्हणला, हितं टोक चालणार न्हाय, मऊ रबरी पाय पायजेत, थरथर गिळणारे. शेठनी ते मागवले. ते मुंबईवरनं निघाले, आन कुठं थांबले देवाला ठाऊक. इकडं साहेब म्हणायला लागले, बॉक्स परत घिऊन जा.

आन त्यातच कळलं की साहेबांचा पुतण्या रविवारी येणार हाय. पुण्यात त्याचं मोठं शोरूम, घरोघरी असले भारी बॉक्स बसवून देतो. त्याला सोलापूरकडचा एक पोरगा पायजे होता. तो ऐकणार, त्याला पटलं तर पोरगा नेणार. कुठला पोरगा, ते काय सांगायला पायजे का? शेठनी विचारलंसुद्धा न्हाय. म्हणले, अभिमन्यू, रविवारी नीट कपडे घालून जा. आन मला म्हणले, जोत्या, तू शनिवारी जाऊन बॉक्स पुसून ये.

शेठ, उठू नका. ओरडायचं ते उद्या गोडाउनात ओरडा.

शनिवारी मी आन बसू गेलो. साहेब आमाला घरात सोडून फिरायला गेलते. आमच्या टेम्पोत बॉक्स गुंडाळायला एक घोंगडी असती. ती आमच्या घरची. आमचे वडील ज्ञानबा, तिकडं सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखत्यात, त्या मेंढरांच्या लोकरीची. जाड, काळी, आन वास असा, की एसटीत पांघरली तर शेजारची सीट रिकामी होती. मी ती फाडली. घड्या घातल्या. बाटलीतलं पाणी वरनं शिंपडलं, कारण लोकर ओली झाली की मेंढरू स्वतः आल्यागत वाटतं. मग बसूनं बॉक्स वाकडा धरला, मी पितळी स्पाइक फिरवून काढले, खिशात टाकले, आन दोन्ही बॉक्सच्या खाली कोपऱ्यांना घोंगडीच्या घड्या सारल्या. बुडाला काळं कापड होतं, ते वरनं सोडलं. काय दिसत न्हवतं.

माझा बेत साधा होता. एसी लावून दारं-खिडक्या बंद. आत पुण्याचा पाहुणा. मधी अभिमन्यू डोळं मिटून ऋषीगत बसलेला. आन चहूबाजूनं मेंढराचा वास. पाहुणा नाक धरणार, साहेब चिडणार, आन ह्याचं डोळं मिटलेलंच. मला हसायचं होतं, एवढंच. खोटं सांगत न्हाय, मला त्याला पडलेला बघायचं होतं.

रविवार उजाडला. मीबी गेलो, उचलायला कुणीतरी लागतंय की. तबला लावला. अभिमन्यू बसला, डोळं मिटलं. मी पुतण्याच्या नाकाकडं बघतोय. थोडा वेळ गेला. आन जे कधी झालं न्हवतं ते झालं. अभिमन्यूनं मधीच डोळं उघडलं. शोकेसकडं बघितलं. काचा गप. फरशीला तळवा लावला. फरशी गप. मग साहेबांना म्हणला, “साहेब, आज डग्गा ऐका. पयल्यांदा त्याला तळहात हाय.”

मंडळी, आता खरी कबुली. तो बोलला तवर मला काय ऐकूच आलं न्हवतं. मी वासाची वाट बघत होतो. त्यानं सांगितलं, मग मी कान दिला, आन खरंच, डग्ग्यावर घासणारा हात वेगळा, थाप वेगळी, तिच्यामागची शांतता वेगळी. आमच्या मेंढरांनी सगळी थरथर गिळली होती. माझ्या अंगावर काटा आला. आन लगेच दुसऱ्या बाजूनं आग लागली. कारण पुतण्यानं विचारलं, काय केलंस? आन अभिमन्यू एकदम सरळ मनानं म्हणला, शुक्रवारी लेव्हल पुन्हा काढली होती, ती आता बसली असंल.

लेव्हल बसली असंल. घोंगडी माझी, पाणी माझं, पाठ माझी मोडली, आन लेव्हल बसली. साहेब, मी तुमच्या घरात वास सोडायला आलतो, असं सांगू?

आन वासाचं काय झालं म्हणताय? पुतण्यानं नाक वर केलं, मोठा श्वास घेतला. म्हणलं, आला, आता तरी आला. तर तो काकाला म्हणतो, “ही अस्सल लोकर. भारी कंपन्या बॉक्सच्या आत भरतात. हा वास मी परदेशात एका कारखान्यात घेतला होता.” साहेबबी मग डोळं मिटून वास घ्यायला लागले. तेवढ्यात राजाबाई काकू वर आल्या. मला वाटलं, लाटणं. त्यांनी दारातनंच विचारलं, साहेब, आज तब्येत बरी न्हाय का, गाणं लावलं न्हाय ते?

झालं. अभिमन्यू पुण्याला पक्का. परवापास्नं रुजू. त्याच्या आईला, बजाबाई मावशींना आणायला साहेबांची स्वतःची गाडी वळसंगला गेली, आज दुपारी जेवण झाल्यावर साहेब, पुतण्या आन अभिमन्यू स्वतः सोबत गेले. माझी आई केराबाई सांगोल्याहून येती तवा एसटीत उभी येती. मी नुसतं सांगतोय, तक्रार न्हाय. तक्रारच हाय, पण जाऊ दे.

आता आज सकाळचं. मी गोडाउनात गेलो तर अभिमन्यू एका उलट्या बॉक्सवर बसलेला. दोन्ही हात कानावर. मला वाटलं सर्दी. तर म्हणला, साहेबांसारखंच काम अजून दोन घरात आलतं. तशीच पोकळ फरशी. मी तिथंबी लेव्हल काढली, नाणी ठेवली, सगळं तसंच केलं. काय होत न्हाय. नुसतं डमडम. मग मला म्हणला, “जोत्या, माझा कान गेला का रे? का साहेबांकडं चुकून जमलं?”

खरं सांगू? माझ्या मनात लाडू फुटले. आतल्या आत मी नाचलो.

मग म्हणला, पुण्यात मला ह्याच कामाला नेत्यात. तितं पयल्याच घरात तोंडावर पडलो तर आईला काय सांगू? तिनं गावभर पेढं वाटल्यात. आज स्टेजवर उभा राहून सांगून टाकतो, मी जात न्हाय. अजूनबी मी नाचतच होतो. आन मग त्यानं ते वाक्य म्हणलं. म्हणला, “माझ्या जागी तू जा. मी सांगतो पाहुण्याला. तू माझ्यापेक्षा हुशार हायस, फक्त चाळे करतोस.”

तुमी मला सांगा अण्णा, असल्या माणसाचं काय करायचं? पुणं मला पायजे होतं. पण त्यानं दिलेलं? त्याच्या पानातलं उचलून? जन्मभर लोकांनी म्हणायचं, अभिमन्यूनं सोडलं म्हणून जोत्याला मिळालं. आन तितं जाऊन मी करणार काय? खुर्चीत बसून डोळं मिटू? घोंगडी घालणं मला जमतं. ती घातल्यावर काय झालं, ते त्यानं सांगितल्याशिवाय मला कळलं न्हवतं. हे मी दुसऱ्या कुणाला कबूल करणार न्हाय. आन तो हितंच राहिला तर? आयुष्यभर कपबशी आन पेला. शिवाय कान गेला म्हणून तो असा तोंड पाडून बसणार, आन मला रोज ते बघावं लागणार. मी ज्या कानावर एवढी वर्षं जळलो तो कान नुसताच गेला, असं कसं चालंल? मग मी येडा का?

म्हणून मी खोटं बोललो. म्हणलं, अरे येड्या, लेव्हल कुठली घिऊन बसलास? तूच न्हाय का मला शुक्रवारी सांगितलंस?

म्हणला, काय सांगितलं?

म्हणलं, “रबरी पाय येईस्तोवर खाली कायतरी मऊ, जाड घाल, टोकं काढून टाक. तू सांगितलंस म्हणून मी घोंगडी घातली. गळ्याशप्पथ.”

मी खिशातनं स्पाइक काढून त्याच्या हातावर ठेवले. म्हणला, “मी म्हणलो होतो?” मी म्हणलं, म्हणला होतास की. तुझं डोकं ठिकाणावर नसतंय, जायच्या गडबडीत इसरलास. त्यानं लई आठवायला बघितलं. मऊ पाय पायजेत हे तो दहा जणांना म्हणला होता, त्यामुळं मला म्हणला नसंल असंबी त्याला सांगता येईना. मी उरलेली घोंगडी आणली, गोडाउनातले बॉक्स तिच्यावर ठेवले, तबला लावला. तो बसला, डोळं मिटलं. आन त्याच्या तोंडावर रंग परत आला. मी समोर उभं राहून बघितला, हळूहळू चढत गेला. लई राग आला मला.

आता तुमाला वाटंल, तो माझ्या गळ्यात पडला असंल. तसलं काय न्हाय. दुपारपर्यंत त्याला सगळं आठवलंसुद्धा. शेठ, तुमाला त्यानं सांगितलं न्हाय का? कसं त्याला शुक्रवारी जिना उतरताना एकदम सुचलं, कसं तो थांबला, कसं मला हाक मारली. मी जिन्यावर न्हवतोच. आन जेवताना मला, मेंढराच्या पोटी जन्मलेल्या माणसाला, तो समजावून सांगतो, जोत्या, काळ्या मेंढीची लोकर घ्यावी, ती दाट बसती, पांढरीचं एवढं खरं न्हाय. मी म्हणलं, आमच्या वडलांना बोलावून तुझ्याकडं शिकवणी लावतो.

आन तरी मी त्याच्या ट्रंकेत एक आख्खी नवी घोंगडी घातलीय. सांगितलं, पुण्यात थंडी असती. तुमी सगळे असं बघू नका माझ्याकडं. मला तो जायला पायजे. लांब जायला पायजे. तितं नाव काढू दे, कपबशीत चहा पिऊ दे, हितं मला दिसायला नगो. त्याच्यासाठी जे लागंल ते मी करीन, झालं तर मग.

बसूनं हात वर केला. आली गाडी.

तेव्हा मंडळी, आता घाईनं आटपतो. अध्यक्ष साहेबांनी, शेठनी मला बोलायची संधी दिली, तुमी जेवण थंड होत असताना ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी हाय. शिक्षण कमी, जीभ लांब, त्यामुळं कुणाचं मन दुखलं असंल, एखादा शब्द वाकडा गेला असंल, तर लहान भाऊ समजून पदरात घ्या.

आन तुमच्या पाया पडतो, हे कुणाला सांगू नका. पुतण्याला न्हाय, साहेबांना न्हाय, घरी गेल्यावर बायकोला न्हाय. कल्लप्पा अण्णा, तुमी तर शेजाऱ्यालासुद्धा न्हाय. अभिमन्यूला कळलं ना, की ते त्याला सुचलं न्हवतं, तर तो आजच्या आज हितंच थांबंल, आन वर माझी माफी मागंल. ते मला सहन हुणार न्हाय. बजाबाई मावशी उतरल्या बघा, नवं लुगडं नेसल्यात. पायरी चढताना त्यानं हात धरलाय त्यांचा.

टाळ्या वाजवा. अजून जोरात वाजवा, मी माइक सोडीपर्यंत थांबू नका. त्याचा कान लई तिखट हाय.